चेहरे घडवायचेत, तर गणित कशाला सोडायचं?

प्रश्न: मुलगी अकरावी सायन्सला आहे. वेळ मिळेल तेव्हा कॉम्प्युटरवर माणसांचे चेहरे बनवते; नाक लांब कर, गाल भर, वय वाढव, हेच चालू. आता म्हणते, गणित सोडते आणि बारावीनंतर थेट अ‍ॅनिमेशनचा कोर्स करते. क्लासवाले फी आत्ताच भरा म्हणतात. काय करावं? – एक आई, बार्शी

उत्तर: नमस्कार ताई,

फी आत्ता भरू नका आणि गणित तर मुळीच सोडू देऊ नका. नाक लांब करायला, गाल भरायला ती स्क्रीनवरचा जो स्लायडर सरकवते, त्याच्या मागे गणितच आहे. फोल्कर ब्लांत्स आणि थॉमस फेटर या संशोधकांनी १९९९मध्ये २०० जणांच्या डोक्यांच्या लेसर स्कॅनमधून चेहरे असे बदलणारं मॉडेल मांडलं. प्रत्येक चेहरा म्हणजे हजारो बिंदूंचे आकडे. कोणता चेहरा किती भरलेला, याचे गुण देऊन त्यांनी बदलाची दिशा काढली. ती दिशा चेहऱ्यात मिळवली की माणूस तोच राहतो, गाल तेवढे भरतात. आकड्यांच्या अशा यादीला व्हेक्टर म्हणतात आणि तक्त्याला मॅट्रिक्स; हे दोन्ही तिला बारावीत शिकायचेच आहेत.

अवघड भाग पुढे आहे. फोटोंवरून शिकून नवे चेहरे बनवणाऱ्या स्टाइलगॅनसारख्या मॉडेलमध्ये वय वाढवलं की कित्येकदा चष्माही येऊन बसतो, कारण मॉडेल ज्यांवरून शिकलं त्या फोटोंत वय आणि चष्मा बरोबर आलेले असतात. हा गुंता सोडवायला चांगले इंजिनिअर लागतात. शिवाय स्वित्झर्लंडमधल्या बासेल विद्यापीठाच्या २००९च्या चेहऱ्यांच्या मॉडेलमधले चेहरे बहुतांश युरोपीय आहेत. आपल्या माणसांच्या चेहऱ्यांवर खूप काम व्हायला हवं, आणि ते आपल्या मुलींनी करावं असं मला मनापासून वाटतं.

हातही तयार हवा. खरं हसू आलं की ओठांचे कोपरे वर जातात, गाल उचलले जातात आणि डोळ्यांच्या कडांना सुरकुत्या पडतात. नुसते ओठ हलवले तर हसू खोटं दिसतं. म्हणून तिला कवटी आणि चेहऱ्याचे स्नायू वहीत काढायला लावा.

पुढे कॉम्प्युटर इंजिनिअरिंगसाठी एमएचटी-सीईटी आहे, डिझाइनच्या पदवीसाठी यूसीड ही प्रवेश परीक्षा आहे. यूसीडला कोणतीही शाखा चालते, कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला मात्र गणित लागतंच.

सुट्टीत तिला एक काम द्या. ब्लेंडर हे थ्रीडी आकार घडवायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. घरातल्या आजींची परवानगी घेऊन त्यांचा आजचा चेहरा त्यात घडवायचा आणि जुना फोटो समोर ठेवून तो तिशीपर्यंत मागे न्यायचा. परवानगीची सवय आत्तापासूनच लागू दे; दुसऱ्याच्या चेहऱ्याशी खेळणं ही गंभीर गोष्ट आहे. झालं की मला कळवा, ती जास्त रमली कशात, आकार घडवण्यात की स्लायडर कसा चालतो हे शोधण्यात. त्यावरून कोर्स ठरवू.