लेक म्हणते 'फ्लेक्स केलं', म्हणजे नेमकं काय?

प्रश्न: नमस्कार ताई, मी खानापूर तालुक्यातली. लेक बेळगावात उद्यमबागेत एका ऑफिसात कामाला जाते, पगार बेताचाच. घरी आली की फोनवर कोरियन सिरियल, मैत्रिणींचा ग्रुपपण तसलाच. परवा 22 हजाराची बॅग हप्त्यावर घेतली आणि फोटो स्टेटसला टाकून खाली लिहिलं 'फ्लेक्स'. आम्हाला फ्लेक्स म्हणजे चौकात वाढदिवसाचे लावतात तेवढेच माहीत. विचारलं तर म्हणते मम्मी कोरियात सगळे असंच करतात. तिचे बाबा लई चिडलेत. हे काय खूळ आहे आणि हिला आवरायचं कसं?
— एक आई

उत्तर: ताई, आधी बाबांना थोडं शांत करा, कारण ओरडून ती बॅगही परत जाणार नाही आणि पुढची खरेदी तुमच्यापासून लपवून होईल ते वेगळंच.

हा शब्द मूळचा अमेरिकेतल्या रॅपवाल्यांचा, आपल्याकडचं महागातलं काय ते मिरवायचं, याला ते फ्लेक्स म्हणतात. कोरियात 2019 च्या सुमाराला योमता नावाच्या रॅपरमुळं तो पोराटोरांच्या तोंडी बसला, महागाची वस्तू घेऊन 'फ्लेक्स करून टाकलं की' अशा अर्थाचं त्याचं वाक्य तिकडं घरोघरी गेलं. पण तो गाण्यातून पैसे कमावून बोलत होता, हे ऐकणारी पोरं विसरली आणि पार्टटाइम काम करून, क्रेडिट कार्डावर घेऊन तेच बोलायला लागली. मॉर्गन स्टॅन्ली या अमेरिकन बँकेच्या हिशेबानं 2022 साली कोरियात माणशी लक्झरी खर्च 325 डॉलरच्या आसपास होता, जगात सगळ्यात जास्त, तेव्हाच्या भावानं आपले साधारण 25 हजार. मोठ्या ब्रँडच्या दुकानाबाहेर लोक पहाटेपासून रांग लावतात आणि शटर वर गेलं की पळत सुटतात, त्याला तिकडं 'ओपन रन' म्हणतात.

यामागं नुसता माज आहे असं मला वाटत नाही. सोल या त्यांच्या राजधानीत घरांच्या किमती अशा चढल्या की साध्या नोकरीवाल्या पोरांनी घराची आशाच सोडली, मग घर होत नाही तर निदान बॅग तरी होऊ दे असं बऱ्याच जणांचं झालं. श्रीमंताघरी जन्मला तो 'सोन्याचा चमचा' आणि गरिबाघरचा तो 'मातीचा चमचा' असं तीच पोरं एकमेकांना म्हणतात, त्यात किती दुखणं आहे बघा.

आणि लेकीला हे पण सांगा, कारण सिरियलमध्ये हे दाखवत नाहीत. कोरियन भाषेत बँकेच्या पासबुकाला थोंगजांग म्हणतात, तर खर्च करून रिकामं झालेल्या पासबुकाला पोरांनी नाव पाडलंय थंगजांग. 2022 मध्ये महागाई वाढली तशी तीच पिढी 'मुजिचुल चॅलेंज' करायला लागली, म्हणजे दिवसभर एक पैसा खर्च न करता राहायचं आणि तेच अभिमानानं पोस्ट करायचं. 2023 मध्ये तर 'गोजीबांग', भिकाऱ्यांची खोली, असे चॅट ग्रुप निघाले, तिथं आज कॉफी घेतली असं लिहिलं की बाकीचे झापतात, ऑफिसातली फुकटची पी म्हणून. तेव्हा कोरियात सगळे असंच करतात हे खरं नाही ताई, अर्धीच गोष्ट तिच्यापर्यंत आलीय.

बाबांनाही एक सांगते, आपल्या भागात लग्नात कर्ज काढून हॉल घेतात, हजार पानं उठवतात आणि पाहुण्यांना दिसेल असं सोनं घालतात, पोरं हे घरातच बघत मोठी होतात. लेकीला एकटीला दोषी धरू नका.

मला खरी काळजी हप्त्याची वाटते. रविवारी निवांत बसून तिच्या फोनवर ते हप्त्याचं पान दोघी मिळून उघडा. 'नो कॉस्ट', म्हणजे बिनव्याजी, लिहिलेलं असलं तरी प्रोसेसिंग फी आणि तिच्यावर 18 टक्के जीएसटी लागलाय का बघा, रोख घेतली असती तर किती सूट होती तेही बघा, खूपदा व्याज तिथंच गेलेलं असतं. एक हप्ता चुकला की दंड पडतो आणि सिबिल स्कोअर, म्हणजे कर्ज नीट फेडतो का याचे मार्क, खाली येतो, उद्या गाडीला नाहीतर घराला कर्ज मागायला गेली की बँकवाले आधी तेच बघतात. पे लेटरचं, म्हणजे आज घ्या पैसे नंतर द्या असलं, अ‍ॅप असेल तर त्याची लिमिट कमी करून घ्या. हप्त्याची तारीख बदलून मिळत असेल तर पगार जमा होतो त्याच्या दुसऱ्या दिवसाची करून घ्या, आणि ही बॅग फिटेपर्यंत दुसरा हप्ता नाही एवढं तिच्याकडून कबूल करून घ्या. बॅग मात्र तिला वापरू दे, रोज टोमणा नको.