उत्तर: कबड्डी खेळणारा मुलगा अचानक इतका चिडका का झाला?

ताई, तुमच्या कबड्डी खेळणाऱ्या मुलाचं अंग झपाट्यानं भरलं, पाठीवर मोठे फोड, भाकरी गार म्हणून ताट भिरकावलं, हे वाचून आमचा पुतण्याच आठवला. तो पार्क स्टेडियमवर पोलीस भरतीची तयारी करायचा. मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो.

"वयच तसलं आहे" म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. ही तिन्ही लक्षणं एकत्र आली की स्टेरॉइडचा, म्हणजे अंग भरायला घेतात त्या पुरुषी हार्मोनसारख्या औषधाचा, संशय घ्यायचाच. घेणारा प्रत्येक जण मारकुटा होतो असं नाही, पण मूळचा तापट असेल तर भडका उडतो. झोप उडाली असेल, छातीत धडधडत असेल, उगाच संशय घेत असेल तर मेफेंटरमाइनचाही विचार करा. ऑपरेशनच्या वेळी पडलेला रक्तदाब वर आणायचं ते इंजेक्शन, पोरं पळायला टोचून घेतात.

आम्हाला सगळ्यात महाग पडलं पुतण्याचं कॉलेज. त्यानं वर्गातल्या पोराला मारलं. नोटीस, लेखी माफी, मग निलंबन. वजन किती वाढलं ते त्यांच्याच क्रीडा विभागाच्या रजिस्टरात होतं की! पदक आणलं तेव्हा फोटो फलकावर लावला, आणि आता म्हणे "शिस्तीचा प्रश्न आहे, घरचं बघा." पोरगं काय टोचतंय, एकानं विचारलं नाही. घरी बसवल्यावर मैदान सुटलं, स्टेरॉइडचं इंजेक्शनही एकदम सुटलं. राग गेला, पण पोरगा दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडायचा, जगण्यात राम नाही म्हणायचा. बाहेरून हार्मोन मिळालं की शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं, म्हणून हा काळ रागाच्या काळापेक्षा धोक्याचा. बंद करायचंच, पण डॉक्टरांच्या नजरेखाली.

एंडोक्रायनोलॉजिस्टकडे, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरकडे न्या, जोडीला मनोविकारतज्ज्ञ. टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन), एलएच, एफएसएच (ते बनवायला लावणारी मेंदूतली हार्मोन्स), लिव्हर, लिपिड (रक्तातली चरबी) या तपासण्यांबद्दल विचारा. नशेच्या साध्या लघवी तपासणीत स्टेरॉइड सापडत नाही, त्यामुळे तिथल्या 'निगेटिव्ह'वर विसंबू नका.

क्रिएटिनचा (ताकदीसाठी घेतात त्या पावडरचा) डबा दिसला म्हणून घाबरू नका, ते 'वाडा' या जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या बंदी यादीत नाही. बिनबिलाची पावडर मात्र फेका. भेसळीतून काही पोटात गेलं तरी 'नाडा' ही आपल्या देशातली उत्तेजकविरोधी संस्था खेळाडूलाच जबाबदार धरते, बंदी चार वर्षांपर्यंत जाऊ शकते.

आणि इंजेक्शन कुणी दिलं, हे पहिल्याच दिवशी खोदून विचारू नका. आमच्याकडे त्यावरूनच दार आपटून गेला होता. आधी रक्त तपासू द्या.