बसल्या जागी ६,००० पावलं

‘बाबा दिवसभर आरामखुर्चीत, आणि बँड म्हणतो ६,००० पावलं’ हे तुमचं वाक्य वाचलं आणि पार्किन्सन (कंपवात) असलेले आमचे अण्णाच डोळ्यांसमोर आले. पावलं मोजणारा तो मनगटी बँड बहुतेक बिघडलेला नाही. बदलायला धावू नका.

आमची चूक सांगते. अण्णांची डावी बाजू जास्त बाधित, आणि घड्याळाची सवय डाव्याच मनगटाची, म्हणून बँडही तिथेच. रोज रात्री एकूण पावलं वहीत लिहायची. सिंडोपा (पार्किन्सनवरची गोळी) वाढवल्यावर आकडा दुप्पट झाला, पेढे वाटायचेच बाकी होते! डॉक्टरांनाही मी ऐटीत वही दाखवली. डोस तसाच राहिला. मग एका दुपारी गोळीनंतर तासाभराने त्यांच्याशेजारी शेंगा सोलत बसले होते. अण्णांचा खांदा, मान, हात सगळं बसल्या जागी वळवळतंय आणि बँडवरचा आकडा सरकतोय. ४१२, ४१९, ४२६. ते डिस्कायनेशिया होतं, म्हणजे गोळीच्या परिणामाने आपोआप होणारी वळवळ. तीन महिने आम्ही त्याला सुधारणा समजत होतो. अजून जिवाला लागतं.

चालताना सेकंदाला साधारण दोन पावलं पडतात. नुसता कंप त्याहून जलद, सेकंदाला चार ते सहा. वळवळ मात्र चालण्याच्या वेगाच्या आसपास येते, तिथे बँडची फसगत होते. उलट वॉकर धरून चाललं की हात हलत नाही, मग खरी पावलंही गळतात.

माझं मत (मी डॉक्टर नाही, आणि गोळी स्वतःहून अजिबात कमी-जास्त करू नका): बँड कमी बाधित हातात घाला आणि एकूण आकडा विसरा. तासागणिक आलेख बघा, त्याशेजारी गोळीची आणि जेवणाची वेळ लिहा. डाळ-पनीर भरपूर झालं की गोळी नीट लागू पडत नाही, हे आम्हाला त्या नोंदींतूनच कळलं. वळवळ दिसली की मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढा. आमच्या डॉक्टरांनी तो पाहिला आणि लगेच डोसची विभागणी बदलली. ऑस्ट्रेलियातलं पीकेजी हे मनगटी यंत्र खास पार्किन्सनसाठीच आहे, हालचालींचा संथपणा आणि डिस्कायनेशिया वेगवेगळे दाखवतं. पण साध्या बँडकडून ती अपेक्षा नको.

बँडवाल्यांच्या हेल्पलाइनला तीनदा फोन केला. उत्तर काय, तर ‘मॅडम, टार्गेट दहा हजार ठेवा, मोटिव्हेशन राहतं.’ पार्किन्सन हा शब्द मला स्पेलिंगसकट सांगावा लागला.

आणि हो, बकलचा पट्टा काढून वेल्क्रोचा लावा. अण्णांना तो स्वतःचा स्वतः घालता येतो.