वाचकांचे प्रश्न : तीन दरवाजातला हुकूम

प्रश्न : अहमदाबादच्या ‘तीन दरवाजा’ या तीन कमानींच्या जुन्या प्रवेशद्वारात मराठा काळातला, मुलींच्या वाट्याविषयीचा शिलालेख आहे असं वाचलं होतं. दोनदा जाऊनही गर्दीत सापडला नाही. कधी आणि कसा पाहावा? फोटोत अक्षरं उमटत नाहीत, असंही ऐकलं.
(एक वाचक, ठाणे)

उत्तर : दुपारनंतर गेलात तर सापडणं कठीणच. फेरीवाल्यांच्या पथाऱ्या अगदी भिंतीला टेकतात, वर कपडे टांगलेले असतात. दुकानं उघडण्याआधी, सकाळी आठ-साडेआठला जा. कमानीतून घाईने पुढे जाऊ नका; आतल्या भिंती एकेक करून पाहा. मधली कमान १७ फूट रुंद, बाजूच्या १३-१३ फूट, त्यामुळे सगळं पाहायला अर्धा तास पुरतो.

देवनागरीत कोरलेला हा हुकूम मराठा सुभेदार चिमणाजी रघुनाथ यांचा, १८१२ सालचा. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला तिचा वाटा विनाअडथळा मिळावा. न दिल्यास हिंदूने महादेवाला आणि मुसलमानाने अल्लाला जाब द्यावा. भर बाजाराच्या वाटेवर, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेला पडेल असा तो लावला, हे फार मोलाचं आहे.

फोटोचं म्हणाल तर दोष फ्लॅशचा. प्रकाश समोरून पडला की खाचांत सावली राहत नाही आणि दगड सपाट दिसतो. फ्लॅश बंद करा, सोबत्याला दुसऱ्या मोबाइलचा टॉर्च भिंतीलगत, अगदी तिरका धरायला सांगा. डावीकडून, उजवीकडून, वरून असे तीन-चार फोटो घ्या, कारण आडव्या रेषा एका प्रकाशात दिसतात, उभ्या दुसऱ्या. जुन्या लेखांत शब्द बहुधा सलग कोरलेले असतात; आधी ओळखीचे शब्द हेरा. अक्षरं उठावीत म्हणून खडू, पीठ, तेल काहीही लावू नका. ते दगडाच्या छिद्रांत शिरतं, निघत नाही, आणि ही संरक्षित वास्तू आहे.

प्रश्न : हा दरवाजा कोटाच्या भिंतीत का नाही?

उत्तर : कारण तो कोटाचा नव्हेच. गुजरातचा सुलतान अहमदशहाने १४११ मध्ये शहर वसवलं. भद्र किल्ल्यासमोरच्या शाही मैदानाचं, मैदान-ए-शाहचं हे प्रवेशद्वार. सवाऱ्या इथून निघत. शहराचा कोट नंतरचा सुलतान महमूद बेगडा याच्या काळातला, म्हणजे पुढचा. भद्राकडे पाठ करून उभं राहा; समोर दरवाजा आणि मधे आज जिथे बाजार भरतो, तेच ते मैदान.