एक्स-रेमध्ये मान सरळ दिसते आहे. व्यायामाने मानेचा नैसर्गिक बाक परत येतो का?

तुमच्या प्रश्नातली माहिती अशी आहे: वय ३४, दिवसभर लॅपटॉपवर काम, दोन महिन्यांपासून मान आणि खांदे भरून येतात, हातात मुंग्या किंवा बधिरपणा नाही, आणि एक्स-रेच्या रिपोर्टवर ‘लॉस ऑफ सर्व्हायकल लॉर्डोसिस’ (मानेचा नैसर्गिक बाक कमी झालेला) असा शेरा आहे. बाक परत येईल का आणि उशी बंद करावी का, असं तुम्ही विचारलंय. मी फिजिओथेरपिस्ट आहे, त्या अनुभवावरून उत्तर देतो.

आधी त्या शेऱ्याचं बघू. मानेच्या सात मणक्यांची रांग पुढच्या बाजूला थोडी फुगलेली असते. पुस्तकांत हा बाक साधारण २० ते ४० अंश सांगतात, पण कधीच मान न दुखलेल्या कितीतरी लोकांची मानही एक्स-रेमध्ये सरळ दिसते. शिवाय फोटो काढताना हनुवटी जराशी खाली असली किंवा दुखण्यामुळे स्नायू आखडलेले असले तरी बाक कमी दिसतो. त्यामुळे हा शेरा म्हणजे आजार नाही. दोन मणक्यांमधली जागा कमी झाली आहे, एक मणका दुसऱ्यावरून सरकला आहे, असं काही रिपोर्टमध्ये लिहिलं असेल तर ते जास्त महत्त्वाचं.

पोक काढून बसल्यावर नेमकं काय होतं ते समजलं की व्यायाम चुकत नाहीत. पाठीचा वरचा भाग गोल झाला की मानेचा खालचा अर्धा भाग पुढे झुकतो. नजर मात्र स्क्रीनवर समोर हवी असते, म्हणून डोक्याला लागून असलेले वरचे सांधे मागे मोडतात आणि हनुवटी पुढे येते. म्हणजे बाक खालच्या भागातून गेलेला असतो आणि वरच्या भागात गरजेपेक्षा जास्त झालेला असतो. म्हणूनच ‘दिवसातून दहा वेळा छताकडे बघा’ हा सल्ला बहुतेकांना लागू पडत नाही. मान मागे टाकताना आधीच मोडलेले वरचे सांधेच आणखी मोडतात, खालचा भाग जागचा हलत नाही आणि कवटीच्या बुडाशी ठणका लागतो.

सुरुवात पाठीपासून करा. मोठा टॉवेल घट्ट गुंडाळून साधारण १० सेंमी जाडीची गुंडाळी करा. चटईवर उताणं झोपून ती खांद्यांच्या फऱ्यांखाली आडवी ठेवा. गुडघे वाकवा, बोटं एकमेकांत गुंतवून डोक्याचा भार हातांवर घ्या आणि श्वास सोडत पाठ गुंडाळीवरून मागे जाऊ द्या. ८ ते १० वेळा केल्यावर गुंडाळी दोन बोटं वर सरकवून पुन्हा तेवढंच. कंबर उचलली जात असेल तर हालचाल पाठीत होत नाही, कमरेत होते आहे. पोट हलकं आत घ्या.

दुसरा व्यायाम दिसायला अगदी किरकोळ आहे, पण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा हाच. मणक्यांच्या पुढच्या अंगाला चिकटून खोलवर लहान स्नायू असतात. मान दुखू लागली की ते ढिले पडतात आणि त्यांचं काम गळ्याच्या दोन्ही बाजूंचे मोठे, वरून दिसणारे स्नायू करू लागतात. उताणं झोपा, डोक्याखाली इतकीच घडी ठेवा की कपाळ आणि हनुवटी एका पातळीत येतील. आता डोकं न उचलता, ‘हो’ म्हणताना हलवतो तशी हनुवटी अगदी थोडी गळ्याकडे आणा. १० सेकंद धरा, १० वेळा करा, दिवसातून दोनदा. दात एकमेकांवर दाबू नका. दोन बोटं गळ्याच्या बाजूला ठेवा. तिथला दोरीसारखा स्नायू टरारून वर आला तर जोर जास्त लागतो आहे, निम्मा करा. घरी हातपंपाचं आणि काट्याचं ब्लड प्रेशरचं यंत्र असेल तर त्याच्या पट्ट्याची घडी मानेच्या पोकळीत ठेवून २० पर्यंत हवा भरा. हनुवटी आत घेताना काटा २२ वर नेऊन स्थिर धरा, जमलं की २४, असं ३० पर्यंत. काटा थरथरू लागला की एक पायरी खाली या. मान दुखणाऱ्यांचा काटा बहुधा २४ च्या आसपास अडकतो, आणि तो पुढे सरकू लागला की संध्याकाळचं जडपण कमी होत जातं.

आठवडाभराने बसून करायचा व्यायाम जोडा. नजर समोर ठेवून हनुवटी खाली न घालता सरळ मागे न्या, जणू कोणी कपाळावर बोट ठेवून मागे ढकलतंय. दोन सेकंद थांबा, १० वेळा करा, दर दोन-तीन तासांनी. हे सहज जमू लागलं की पंचा मानेच्या खालच्या भागाला मागून लावा, दोन्ही टोकं हातात धरून पुढे ताणा, आधी हनुवटी मागे न्या आणि मगच पंचाच्या आधाराने मान हळूहळू मागे टाका. हा क्रम उलटा झाला तर वर सांगितलेलीच चूक होते. एक खूण लक्षात ठेवा: खांद्यातली कळ मानेकडे सरकत असेल तर दिशा बरोबर आहे, ती दंडात, बोटांकडे उतरू लागली तर तिथेच थांबा.

मानेखाली गुंडाळी ठेवून झोपण्याबद्दल खूप लोक विचारतात. हाताच्या टॉवेलची ७ ते ८ सेंमी जाडीची गुंडाळी पुरते. ती कवटीखाली नको, मानेच्या मध्यापासून खाली हवी, आणि डोक्याचा मागचा भाग जमिनीला टेकलाच पाहिजे. डोकं लोंबकळत असेल तर गुंडाळी जाड आहे. पहिल्या दिवशी २ मिनिटं, मग दर दोन-तीन दिवसांनी एक-एक मिनिट वाढवत १०-१५ मिनिटांपर्यंत जा. ती घेऊन रात्रभर झोपू नका. उठताना कुशीवर वळून हाताच्या आधाराने उठा. सरळ उठलात तर आत्ताच सैल झालेले स्नायू पुन्हा आखडतात.

याच्या जोडीला एक दिवसाआड रबरी पट्टा दाराच्या कडीला अडकवून कोपर मागे ओढायचा व्यायाम करा, १०-१२ चे तीन फेरे. फऱ्यांमधले स्नायू बळकट झाल्याशिवाय पाठ ताठ राहत नाही.

उशी काढून टाकू नका. उताणं झोपताना दाबल्यावर ७ ते १० सेंमी उरेल एवढी उशी बहुतेकांना चालते. कुशीवर झोपताना खांद्याची रुंदी भरून निघायला ती जरा जास्त उंच लागते. कापसाची उशी गोळे होऊन मधून दबली असेल तर पिंजून घ्या. पालथं झोपणं मात्र सोडा, त्यात मान तासन्‌तास एका बाजूला पिळलेली राहते.

लॅपटॉपखाली पुस्तकं ठेवून स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आणा, वेगळा कीबोर्ड आणि माऊस घ्या. हे एकदा केलं की निम्मं काम होतं. तरी दर अर्ध्या तासाने उठाच, कारण उत्तम पवित्र्यातही स्नायू थकतात. प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल तर खालच्या भागातून वाचण्यासाठी हनुवटी नकळत वर जाते. अशांनी संगणकासाठी वेगळा चष्मा करून घ्यावा.

काही गोष्टी टाळा. गळपट्टा (मानेची कॉलर) डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय लावू नका, आठवडेच्या आठवडे लावला तर स्नायू आणखी दुबळे होतात. केस कापल्यावर मान झटक्याने मोडून घेणं तर कायमचं बंद करा. त्या झटक्याने मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीचा आतला थर फाटून पक्षाघात होऊ शकतो. प्रमाण कमी असलं तरी धोका खरा आहे. हलासन, सर्वांगासन, शीर्षासन सध्या थांबवा. भुजंगासन चालेल, फक्त त्यात मान मागे न टाकता नजर समोरच ठेवा.

हातातून वस्तू निसटणं, शर्टाची बटणं लावता न येणं, चालताना तोल जाणं, मान वाकवल्यावर पाठीतून विजेसारखी चमक जाणं, लघवीवरचा ताबा सुटणं, ताप किंवा वजन घटण्याबरोबर दुखणं, अपघातानंतरचं दुखणं, यातलं काहीही असेल तर व्यायाम न करता लगेच डॉक्टरांकडे जा. संधिवात (ऱ्हुमॅटॉइड) किंवा ठिसूळ हाडं असणाऱ्यांनी गुंडाळी आणि पंचाचे व्यायाम विचारल्याशिवाय करू नयेत.

आता मूळ प्रश्न. तुमच्या वर्णनावरून दुखणं आणि जडपण ६ ते ८ आठवड्यांत बरंच उतरायला हवं. बाक काही जणांत काही अंशांनी वाढतो, काहींत फोटो तसाच राहतो आणि माणूस तरीही बरा होतो. म्हणून निव्वळ बाक बघायला पुन्हा एक्स-रे काढू नका. त्याऐवजी टाचा भिंतीपासून ५ सेंमी पुढे ठेवून पाठ भिंतीला टेकवा, नजर समोर ठेवा आणि डोक्यामागे किती बोटं मावतात ते दर रविवारी लिहून ठेवा. तीनची दोन झाली तर तुमचं बरोबर चाललंय. सहा आठवड्यांत काहीच हललं नाही तर ती वही घेऊन जवळच्या फिजिओथेरपिस्टकडे जा आणि दुसरा व्यायाम त्यांच्यासमोर करून दाखवा; बहुतेकांचं चुकतं ते तिथेच.