नवं बांधलेलं जीप इंजिन, पण हँडल फिरेना

प्रश्न : हरिकेन इंजिनाची विलीज सीजे-३बी जीप आहे. वागळे इस्टेटमध्ये ब्लॉक २० थाऊ (एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) बोअर करून घेतला, क्रँक (पिस्टनच्या जोराने फिरणारा मुख्य दांडा) १० थाऊ ग्राइंड केला. पिस्टन, रिंगा, बेअरिंग सगळं नवं. क्रँकला धरणाऱ्या मेन बेअरिंगवर नुसता क्रँक हाताने सहज फिरत होता. पिस्टन घातल्यावर जड झाला, पण फिरत होता. टायमिंग कव्हर लावून पुलीचा नट आवळल्यापासून मात्र चारही प्लग काढूनसुद्धा हँडलला लटकावं लागतं. मिस्त्री म्हणतात, "नवं इंजिन घट्टच असतं. घोडबंदर रोडवर ओढून स्टार्ट करू, मोकळं होईल." ओढावं का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : अजिबात नको. रिंगांचा घट्टपणा चालवून कमी होतो, हे मिस्त्रींचं म्हणणं खरं आहे. आवळलेलं बेअरिंग मात्र मोकळं होत नाही. ते तापतं, शेल (बेअरिंगची अर्धगोल पाती) क्रँकला चिकटून जागेवर फिरतं आणि क्रँक पुन्हा ग्राइंडरवर चढवावा लागतो.

'घट्ट' म्हणजे किती, ते आधी मोजा. प्लग काढलेले, गिअर न्यूट्रलला. हँडलच्या मुठीला स्प्रिंगकाटा अडकवून काटकोनात ओढा आणि हँडल फिरत असतानाचं वजन वाचा. सुटतानाचा झटका धरू नका. चार पिस्टनच्या ताज्या इंजिनाला साधारण ३ किलोग्रॅम-मीटर जोर लागतो, म्हणजे २५ सेंमीच्या हँडलला १२ किलोच्या आसपास. दुप्पट लागत असेल तर दोष आहे, नवेपणा नाही.

तुमच्या पत्रातला नेमका धागा आहे पुलीचा नट. या इंजिनात क्रँकची पुढेमागे हालचाल पुढच्या मेन बेअरिंगवर रोखली जाते आणि ती किती ठेवायची, हे थ्रस्ट वॉशरमागच्या पातळ शिमा ठरवतात. (रॉकेलच्या ट्रेमध्ये पार्ट धुताना या शिमा हमखास गाळाबरोबर जातात.) शीम कमी पडली की नट आवळताच गिअर आणि वॉशर बेअरिंगच्या कडेवर दाबून बसतात. तपासायला चेंबर (इंजिनाखालचं ऑइलचं भांडं) उतरवा, क्रँकचा वेब (गाल) आणि मेन कॅप यांच्यात मोठा स्क्रूड्रायव्हर घालून क्रँक पुढेमागे ढकला आणि पुलीवर डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं काट्याचं मापक) लावा. ०.००४ ते ०.००६ इंच हालचाल मिळायला हवी. काटा हललाच नाही तर चोर सापडला. पुलरने गिअर काढून शीम वाढवा. नुसता नट सैल करून भागणार नाही, कारण गिअर शाफ्टवर घट्ट बसलेला असतो.

हालचाल बरोबर निघाली तर एकेका कनेक्टिंग रॉडचे नट सैल करा, कॅपला हलकी टिचकी द्या आणि दर वेळी क्रँक फिरवून बघा. ज्या रॉडला इंजिन एकदम हलकं होईल तिथे कॅपवरचे नंबर पाहा. कॅप उलटी किंवा अदलाबदल झालेली असते, नाहीतर शेलमागे बोअरिंगचा बारीक कीस अडकलेला असतो. या इंजिनाचे रॉड मध्यापासून एका बाजूला सरकलेले असतात. उलटा बसलेला रॉड क्रँकच्या गालाला घासतो. मग मेन कॅपही अशाच एकेक करून बघा. प्लास्टिगेजवर (कॅपखाली दाबून फट मोजायचा मऊ धागा) ०.००१ ते ०.००२ इंच फट दिसली की ठीक. आवळताना मेनला ६५ ते ७५, रॉडला ३५ ते ४५ फूट-पौंड. फट कमी आली म्हणून कॅप घासू नका, शेलचा साइज तपासा. मागे दोरीचा सील असेल तर त्याची टोकं कॅपच्या जोडावर आली नाहीत ना, तेही बघा.

घट्टपणा एकाच जागी येत असेल तर फेरे मोजा. दर फेऱ्याला येत असेल तर क्रँक वाकडा किंवा एखादा पिस्टन अडतोय. दोन फेऱ्यांनी एकदा येत असेल तर कॅम किंवा व्हॉल्व्हकडे शोधा.

प्रश्न : पद्मिनीचं इंजिन मे महिन्यात बांधलं. पावसाळाभर गाडी ताडपत्रीखाली उभी होती, आता इंजिन जाम आहे.
– नेरूळ

उत्तर : ताडपत्रीखाली दमट हवा कोंडते. नुकत्या होन केलेल्या (दगडाने घासलेल्या) उघड्या बोअरवर गंज धरतो आणि रिंगा चिकटतात. सेल्फ मारू नका. प्रत्येक प्लगच्या भोकातून दोन मोठे चमचे डिझेल आणि एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) समप्रमाणात घाला, दोन-तीन दिवस थांबा. मग गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकून हाताने पुढेमागे झुलवा. सुटल्यावर प्लग न लावताच फिरवून सगळं द्रव बाहेर काढा, नाहीतर बंद सिलिंडरमध्ये अडकून रॉड वाकेल. बोअरवर नखाला लागणारे खड्डे दिसले तर हेड आणि पिस्टन उतरवावेच लागतील.

प्रश्न : हाताने इंजिन हलकं फिरतं, पण सेल्फ कण्हतो.
– ऐरोली

उत्तर : मग इंजिनाला दोष देऊ नका. मल्टिमीटर बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर आणि इंजिन ब्लॉकच्या उघड्या धातूवर लावून सेल्फ मारा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंग कच्चं आहे. नव्याने रंगवलेल्या गाड्यांत हे फार होतं, कारण अर्थची पट्टी रंगावरच आवळलेली असते. रंग खरवडून चकचकीत धातूवर बसवा आणि वरून ग्रीस लावा.