मुलीची अमेरिकेतली रूममेट ज्यू आहे, हल्ली घाबरलेली असते. मुलीने यात पडावं का? उगाच आपण कशाला?

पडावं. पण ‘उगाच आपण कशाला?’ हे तुमचं वाक्य झोंबलं, म्हणून जरा लांबण लावते.

आम्ही ठाण्याचे बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू. घरात मराठी, नवस फेडायचा तर एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याच्या नावाचा मलिदा, गोड पोह्यांचा. ७ ऑक्टोबर २०२३ ला इस्राएलवर हमासचा हल्ला झाला तेव्हा लेक अमेरिकेत एमएस करत होती. त्याच महिन्याच्या शेवटी कॉर्नेल विद्यापीठात ज्यू मुलांच्या कोशर, म्हणजे ज्यू धर्माच्या नियमांनी जेवण देणाऱ्या, मेसवर गोळ्या झाडण्याच्या धमक्या आल्या. देणारा तिथलाच विद्यार्थी निघाला. पुढे त्याला २१ महिन्यांची कैद झाली. लेकीचं विद्यापीठ वेगळं, पण त्याच सुमारास तिच्या खोलीच्या चौकटीवरची मेझुझा (ज्यू घराच्या दाराला लावतात ती धर्मवचनांची छोटी डबी) कोणीतरी उपटून नेली. राहिलेल्या चिकटपट्टीचा फोटो तिने मला पाठवला, खाली एक अक्षर नाही.

लगेच माझ्या मोठ्या दिरांचा फोन. “गळ्यातला तो ज्यूंचा सहा कोनी तारा काढून ठेव म्हणावं तिला. आडनावात ‘कर’ आहे, कोणाला कळतंय?” विद्यापीठाने कौन्सेलिंगची तारीख दिली, तीही सत्र संपतानाची. कामाला आली ती साताऱ्याची रूममेट. तिने इस्राएलचा विषयच काढला नाही. शुक्रवारी संध्याकाळी जॅकेट चढवून म्हणाली, “चल, आज मीपण हिलेलमध्ये जेवते.” हिलेल म्हणजे ज्यू विद्यार्थ्यांचं केंद्र. पक्की शाकाहारी पोर, पाव आणि बटाट्यांवर भागवलं. मग दोघींनी बसून तक्रार लिहिली: तारीख, वेळ, फोटो, कोणाला सांगितलं, तो काय म्हणाला.

तुमच्या लेकीने एवढंच करावं. सोबत जावं, सोबत जेवावं, लिहून ठेवायला लावावं. गाझाबद्दल तुझं मत काय, हे मात्र रूममेटला विचारत बसू नये. नेतान्याहूंचा हिशेब एका कॉलेजातल्या पोरीकडे कसला मागता? विद्यापीठ ढिम्म राहिलं तर १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचं सहावं प्रकरण आहे. सरकारी पैसा घेणाऱ्या विद्यापीठाला वंशावरून होणाऱ्या छळाकडे काणाडोळा करता येत नाही, आणि ज्यू त्यात धरले जातात. शिक्षण खात्याच्या नागरी हक्क कार्यालयाकडे तक्रार मात्र १८० दिवसांच्या आत करावी लागते. थेट धमकी असेल तर आधी ९११ ला, म्हणजे तिथल्या पोलिसांना फोन.

भाऊजी अजून म्हणतात, तारा लपवला असता तर काही झालं नसतं. अहो, मेझुझा दारावर होती, गळ्यात नव्हे! आणि २००८ मध्ये मुंबईत नरिमन हाऊस या ज्यू केंद्रावर हल्ला झाल्यावर सिनेगॉगबाहेर पोलीस बसायला लागले, तेव्हा दार फाळणीच्या सणाला, म्हणजे योम किप्पूरच्या उपासाला, हेच भाऊजी सगळ्यांच्या आधी पांढरे कपडे घालून हजर. टोपी खिशात ठेवा, असं त्यांना कोणी सांगितलं होतं का? मग पोरीलाच का?

आता एक-दोन गोष्टी राहिल्या. गाझासाठी कॅम्पसवर तंबू ठोकून निदर्शनाला बसलेला प्रत्येक जण ज्यूद्वेष्टा नसतो. लेकीच्या वर्गातलेही काही त्यात होते आणि तिच्याशी नीट वागायचे. हिजाबवाली किंवा पॅलेस्टिनी मुलगी घाबरलेली असेल तर तिच्याहीसोबत असंच जावं. आणि तक्रार करायची की नाही हे रूममेटनेच ठरवावं, काहींना गाजावाजा नको असतो. घरी जेवायला बोलावणार असाल तर ती कोशर किती पाळते ते आधी विचारा. डाळ-भात बहुतेक चालतो, पण काहींना भांडीही वेगळी लागतात.